रेघ नसलेला नकाशा

९ जानेवारी
माहेरी भावाकडं, अण्णाकडं जाऊन आले. निपाणीपलीकडचा आमचा माळ, त्याच्या बांधाला लागून महाराष्ट्र. घळीत लांडगीण व्यालीय. पिल्ली उन्हात लोळत होती.
अण्णानं जेसीबी सांगून ठेवलेला, माळ फोडून ऊस लावायचा म्हणून. म्हटलं, यंदा थांब. केंद्राची योजना येतीय. दोन्ही राज्यं मिळून लांडग्यांचे माळ राखणार, मेंढरं गेली तर भरपाईही मिळणार. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते म्हणून समितीवर मलाही घेतलंय.
अण्णा म्हणाला, "तू म्हणत्यास तर थांबतो, पद्मा. बाकीच्यांचं मला ठाव न्हाय."
जेसीबी परत गेला. वैनी आत निघून गेली.

२ फेब्रुवारी
बेळगावात बैठक. दिल्लीच्या मॅडम, इकडचे कर्नाटकातले साहेब, तिकडचे महाराष्ट्रातले साहेब. चहापर्यंत लांडगा सगळ्यांचाच होता. मग नकाशा पसरला.
तिकडचे साहेब म्हणाले, यावर सीमेची रेघ आहे. सही केली तर सीमा मान्य केल्यासारखं होईल. प्रकरण कोर्टात आहे.
मॅडम म्हणाल्या, रेघ काढून टाकू.
इकडचे साहेब म्हणाले, रेघ नसेल तर आमची सही नाही.
मी म्हटलं, तुटक रेघ चालेल का. कुणी हसलंही नाही. दुपारभर कन्नड-मराठी-इंग्रजी मीच करत बसले. दोघंही आपापल्या भाषेत तेच बोलत होते.
सह्या नाहीत. जेवण चांगलं होतं.

२० फेब्रु.
मॅडमना फोन केला. वन्यजीव हा केंद्राचाही विषय, राज्यांचाही. आदेश काढता येईल, पण सहमतीनं झालेलं बरं, म्हणाल्या. मी इथलीच, तर दोघांना मीच समजवावं.
मी. वा.

६ मार्च
बिराप्पा धनगराची दोन कोकरं लांडग्यांनी नेली. भरपाई विचारायला तो अण्णाकडं गेला, अण्णानं माझा नंबर दिला. रागावला नाही, तेच जास्त लागलं. लांडग्याचा वाटा जायचाच म्हणाला, आमच्या बापजाद्यांनीबी दिलाय. पण तुम्ही देतो म्हणालता, म्हणून विचारलं.
काय सांगणार? नकाशावर सही नाही म्हणून? त्यानं मेंढरं हलवली, घटप्रभा नदीकडं गेला. पण गावात शेळ्या पाळणारे कितीतरी. त्यांना हलायला जागा नाही.

१७ मार्च
सकाळी अण्णाचा फोन. "पद्मा, तू ये." एवढंच.
लांडगीण आणि दोन पिल्ली, घळीच्या तोंडाशी. बाजूला अर्धवट खाल्लेली शेळी. वास औषधाचा, उसावर मारतात त्या. कुणी टाकलं, माहीत नाही. अण्णा डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन उभा.
दोन्ही राज्यांच्या गाड्या तासाभराच्या अंतरानं आल्या. फेब्रुवारीत ज्यांना रेघ बघवत नव्हती त्यांनी आज बांधापासून टेप लावून मोजलं. मढी अलीकडं निघाली. तिकडची गाडी वळून गेली.
इकडच्यांनी अण्णाला चौकशीला नेलं. जमीन त्याची. शिवाय जानेवारीत जेसीबी का सांगितलेला? म्हणजे लांडगे नको होते.
मी सांगितलं, तो मी थांबवला होता. साहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही बहीण. तुमचं कसं धरायचं?"

१९ मार्च
अण्णाला काल सोडलं, पण परत बोलावणार. आला तेव्हा दिवस मावळला होता. दिवस मावळल्यावर तो घास घेत नाही, अन्नात किडा जाईल म्हणून. तसाच उपाशी निजला. आणि दिवसभर त्याला विचारत होते, विष कुठून आणलंस.
हे कुणाला सांगायचं? कुठल्या भाषेत?

२ एप्रिल
समितीचं टिपण आलं. घटनेनंतर दोन्ही राज्यांनी "तत्परतेनं समन्वय" दाखवला, असं वाक्य आहे. मी ते खोडलं. दुरुस्त करून परत आलं तेव्हा "तत्परतेनं" गेलं होतं, "समन्वय" होता.
वैनीनं कळवलं, महावीर जयंतीला येऊ नका. "येऊ नका" म्हणाली. इतकी वर्षं मला अगं म्हणणारी बाई.

२३ एप्रिल
आज अण्णाचा फोन, महिन्यानं. कशी आहेस विचारलं नाही. मीही विचारलं नाही.
म्हणाला, पहाटे बांधापलीकडं ओरडणं ऐकलं. एकच हाय. नर असंल, न्हायतर राहिलेलं पिल्लू. मग, "तुझ्या साहेबांना सांगू नगं."
दुपारी मॅडमचा मेल. केंद्र आता स्वतःच आदेश काढायचं बघतंय. त्या माळावर एखादा लांडगा उरल्याची खात्रीची माहिती असेल तर माळ यादीत राहील, नसेल तर वगळावा लागेल. समितीवर स्थानिक मीच, तेव्हा मीच कळवायचं. उद्यापर्यंत.
"आहे" लिहिलं. पुसलं. "नाही" लिहिलं, तेही पुसलं.
यादीत नसला की माळ पुन्हा अण्णाचाच, ऊस लावायला मोकळा. आणि असला की साहेबांच्या गाड्या पुन्हा बांधावर, पुन्हा अण्णाला