हिरवं, काळं, पिवळं

२ मे
गाडीखाली ओलं आहे. एसीचं पाणी असेल, सगळ्यांच्याच गाडीखाली असतं. काल एसी लावला नव्हता, पण साचलेलं असेल. काळजीचं कारण नाही.

ज्योत्स्नाचा अकोल्याहून फोन. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती महिनाभरापासून तिकडे. मी ठणकावून सांगितलं, कळा लागल्या की फोन कर, दोन तासांत दारात उभा राहतो, स्वतःच्या गाडीने. मागून सासरे विचारून राहिले होते, जावईबापू, गाडीचं सगळं बरोबर हाय ना? म्हटलं, टकाटक. ही सेकंडहँड गाडी घेऊ नका म्हणणारे पहिले तेच.

४ मे
पाणी हिरवं आहे. एसीचं पाणी हिरवं नसतं. व्हिडिओ पाहून निदान केलं, कूलंट गळतंय. पुढच्या व्हिडिओत इंजिन जाम होऊन गाडी हायवेवर बंद पडली. तो पूर्ण बघवला नाही. छातीत धडधड. चहा कमी करायला हवा.

५ मे
सुगतच्या गॅरेजला न्यावी का? पण सुगत ज्योत्स्नाचा मावसभाऊ. बोनेट उघडायच्या आत बातमी अकोल्यात. दुसऱ्या गॅरेजवाल्यांशी त्याची दोस्ती. अमरावतीत माणसाला गुपचूप बोनेट उघडायची सोय राहिली नाही.

शिवाय हे काम मला येतं. घरच्या कूलरची टाकी दर उन्हाळ्यात गळते आणि दर उन्हाळ्यात मीच डांबर लावून बुजवतो. रेडिएटर म्हणजे तरी काय? गाडीचा कूलरच.

७ मे
रेडिएटरला खालून डांबर फासलं. उरलेलं शर्टाला. आता निश्चिंत.

८ मे
ऑफिसला जाऊन आलो. हिरवं कमी झालं, आता काळं गळतंय. डांबर वितळलं असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, रंग बदलला म्हणजे औषध लागू पडतंय.

दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात ज्योत्स्ना मागच्या सीटवर कण्हते आहे, समोर नुसती वाफ, रस्ता दिसत नाही. ओरडतच उठलो. अख्खं ऑफिस बघत होतं. भीती वाटते. गाडीची. बाकी कशाची नाही. बाळंतपण तिचं आहे, मला काय होणार?

११ मे
शेजारच्या गंगूबाई भाजी घेऊन बाजारात जातात. काळं पाणी बघून थांबल्या. म्हणे, आमच्या मेटॅडोरमंदी पोरगं हळद टाकते, बारीक छेद बुजते, चिमूटभर पुरे.

चिमटीने काय होतं? अख्खा पुडा ओतला.

१२ मे
पिवळं.

१४ मे
ज्योत्स्नाचा फोन. आवाज बारीक. म्हणे, मले लय भेव लागून राहिलं. तुमी बडनेऱ्याहून रेल्वेनं या ना बाप्पा. मले तुमी पायजे, गाडी नाई.

मी म्हटलं, भिऊ नको, मी आहे ना. बाळाला पहिल्या दिवशी आपल्या गाडीचा हॉर्न ऐकवायचा आहे. यावर तिने फोनच ठेवून दिला. भारावली असणार. फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. ऊन फार आहे.

१९ मे, सकाळी
फोन आला! कळा सुरू झाल्या. सासरे म्हणे, घाई करू नका, पण निघा. चष्मा सापडेना, डोळ्यांवरच होता. कूलरचा पाइप लावून रेडिएटर काठोकाठ भरला. निघतो. देवा, आज फक्त एक दिवस चालू दे. मी देव मानत नाही, पण आज मानतो.

त्याच दिवशी, दुपारी, मूर्तिजापूरच्या अलीकडे, कडुनिंबाखाली
बडनेऱ्याला अकोल्याकडची रेल्वे उभी दिसली होती. पाय ब्रेककडे गेला. पण शब्द म्हणजे शब्द.

इथे काटा लाल झाला. बोनेटमधून वाफ, वाफेला फोडणीचा वास. स्वप्नातलीच वाफ! सीट रिकामी होती तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

गावातून मिस्त्री आला. रबरी पाइपचा पट्टा ढिला होता, तो त्याने स्क्रूड्रायव्हरने कसला. गळती बंद. एवढंच होतं. मग त्याने रेडिएटरमध्ये डोकावून विचारलं, भाऊ, याच्यात वरण कोनं शिजवलं? म्हटलं, आधीच्या मालकाने. रेडिएटर आतून पार चोंदला म्हणे, गाडी इथंच ठेवा लागते.

तिकडून फोन उचलत नाहीत. कावून उचलत नसतील? फार भीती वाटते. गाडीची नाही. लिहिता येत नाही. एसटी आली.

२० मे, अकोला
मुलगी. मी पोहोचायच्या आधीच झाली. दोघी खुशाल.

सासरे माझ्या बाहीवरचं डांबर बघून राहिले. मी ज्योत्स्नाला विचारलं, मी नव्हतो, फार भेव वाटलं का? म्हणे, लय वाटलं. रडली बी. मंग मनात म्हटलं, बरं झालं तुमी नाई, नाईतर मले माह्या कळा सोडून तुमालेच धीर द्या लागला असता.

मी हसलो. गंमत करते ती. मग तिने मुलगी माझ्या हातात दिली. हात थरथरायला लागले. ऊन म्हणावं, तर खोलीत एसी होता.