फळ्यावरचं अक्षर

शुक्र. १० फेब्रु. ५६

'सभेला' इतकंच लिहून झालं आणि खडू मोडला. मधूने तुकडा उचलून दिला. "आटप गे, दूधवाला येईल." एका हातात कंदील, एका हाताने स्टूल धरलेलं. उरलेलं मी एका दमात लिहिलं:

सभेला बंदी आहे. आपल्या गॅलरीत उभं राहायला नाही. आज संध्याकाळी सहा.

त्याने मोठ्याने वाचून पाहिलं. मधू मागच्या चाळीतला, गिरणीत बदली कामगार, सातवीपर्यंत शिकलेला. माझ्या बी.ए.च्या चुका तोच काढतो. आज एकही निघाली नाही.

संध्या. – दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरल्या. 'संयुक्त महाराष्ट्र'ची घोषणासुद्धा नाही. समोरच्या चाळीतलेही उभे राहिले. नाना ऑफिसातून आले ते कोट न काढताच. पोलिसांची गाडी नाक्यावर थांबली, वर बघत राहिली, गेली.

आप्पा म्हणाले, "सुधे, पोरांनो, बेचाळीसची आठवण करून दिलीत." चाळीच्या कमिटीचे अध्यक्ष. बेचाळीसला त्यांनी मार खाल्ला, कुणाचं नाव सांगितलं नाही. हे ते दर आठवड्याला सांगतात. आज पहिल्यांदा कंटाळा आला नाही.

शनि. ११

कॉलेजातून आले तर चाळीच्या दारावरचा फळा नाही. पोलिसांनी उतरवून नेला, मजकूर पुसला जाऊ नये म्हणून गोणपाटात गुंडाळून. आणि मधूला. पहिली पाळी करून येत होता, हातात डबा.

आई म्हणाली, "बरं झालं तू नव्हतीस."

रवि. १२

मधूचं नाव आप्पांनी सांगितलं.

मी सरळ त्यांच्या खोलीवर गेले. पेपर वाचत होते.

"तुम्ही सांगितलंत?"

"मग काय तुझं सांगू? लग्नाची पोर तू."

"मधूने लिहिलेलं नाही."

"सोडतील चार दिवसांत. गिरणीतली पोरं ती, त्यांना सवय असते."

"आणि बेचाळीस?"

चष्मा काढून पुसत बसले. "तेव्हा एकटा होतो. आता चाळ सांभाळायचीय." मग म्हणाले, "मला एकट्याला काय विचारतेस. तुझे वडील होते शेजारी, नाना."

सोम. १३

नानांना सकाळी जेवताना विचारलं. भात कालवत म्हणाले,

"अक्षर कुणाचं, असं हवालदाराने विचारलं. मी गप्प बसलो. आप्पा बोलले."

"माझं अक्षर तुम्हाला ओळखता आलं नाही?"

"मीच गिरवून घेतलंय ते."

पानात काही टाकलं नाही त्यांनी. ताकही प्यायले.

मी माझं ताट तसंच मोरीत नेऊन ठेवलं.

दुपारी फळ्याच्या कामातल्या बाकीच्या तिघांना म्हटलं, चौकीवर चला, खरं काय ते सांगू. एकाची परीक्षा. एकाचा भाऊ सरकारी नोकरीत. तिसरा म्हणाला, "अगं, आता काय उपयोग? मधूने मान्य केलंय. होय, मीच लिहिलं, म्हणाला."

एकाला धरलं तर पाचही जणांनी पुढे यायचं, अशी शपथ घेतली होती ना. याच गॅलरीत. आप्पांनीच घ्यायला लावली.

मधूचाही राग येतो. त्यालाही मला विचारावंसं वाटलं नाही. आप्पा, नाना, मधू, तिघांनी मिळून मला वाचवलं. मी लिहिलेली दोन वाक्यं होती, तीही माझी राहिली नाहीत.

मंगळ. १४

मधूच्या आईकडे गेले. तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझां अक्षर तां. माका ठावक आसा."

"मग बोलला का नाहीत?"

"झिलान गप रवाक सांगितल्यान." म्हणजे मधूनेच तिला गप्प बसवलं.

येत्या पहिल्या तारखेपासून तो गिरणीत कायम होणार होता. चार दिवस दिसला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, असं गिरणीत माणसं नेमणारा जॉबर आजच सांगून गेला. दोन वर्षं तो रोज पहाटे गेटवर उभा राहिला या जागेसाठी. हे मला माहीत नव्हतं. फळ्याला उशीर झाला की मीच त्याच्यावर चिडायची.

म्हटलं, "उद्या सकाळी याल माझ्याबरोबर?"

तिने सूप बाजूला ठेवलं. मग, "नऊक नळाचां पाणी जाता. मगे जावया."

घरी सांगितलं. आई रडली. नाना म्हणाले, "माझ्या नोकरीचा विचार केलास?"

"मधूच्या नोकरीचा तुम्ही केलात?"

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

बुध. १५, सकाळ

निघाले तेव्हा नाना दाढी करत होते. आरशातून पाहिलं. वस्तरा पुन्हा गालावर फिरवला.

साडेनऊला चौकीवर. फळा कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेला. 'उभं' थोडं पुसलं गेलंय, बाकी सगळं वाचता येतं. हवालदाराकडे कागद मागितला. तीच वाक्यं लिहिली, खाली पूर्ण नाव, खोली नंबर. तो एकदा कागद बघे, एकदा फळा.

"वडील कुठायत?"

"घरी."

"आणि तुझ्याबरोबर ही कोण?"

मी बोलायच्या आत मधूच्या आईने सांगितलं, "मी तिच्यावांगडा इलंय."

कागद त्याने टेबलावर पालथा ठेवला. म्हणाला, साहेब अकराला येतात, बसा.

बाकावर बसून हे लिहिते आहे. दहा वाजून वीस मिनिटं झालीत.