पंधरावा प्रश्न

ता. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, निवांत लिहीन. आत्ता मान वर करायला फुरसत नाही. सोबत प्रबंधाची प्रश्नावली आहे: घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांसाठी चौदा प्रश्न. मार्गदर्शक बाई म्हणतात, भाषा शुद्ध आणि औपचारिक हवी, प्रश्नातून उत्तर सुचता कामा नये. घरात व्याकरण तुझ्याकडे, म्हणून तुला त्रास. आई बरी ना?

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी धाकटी

ता. ११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

प्रश्न तपासले. 'तुम्हाला वैताग येतो का?' याचं 'सेवाकाळात जाणवणाऱ्या मानसिक ताणाचे स्वरूप स्पष्ट करा' केलं. आता वैतागही इस्त्री करून बसेल. आई शाळेत परीक्षेचे पेपर काढायची तेव्हा आधी स्वतः उत्तर लिहायची, मगच प्रश्न घराबाहेर जायचा. तीच खोड मला, म्हणून चौदाही उत्तरं जोडली आहेत. आता ती अंथरुणाला खिळली आहे, तिची कूससुद्धा मीच बदलते.

पंधरावा प्रश्न माझा: 'ही जबाबदारी एकाच व्यक्तीवर सोपवताना तिचे मत विचारले होते काय?'

छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळते आहे, एक तारखेला हजर व्हायचं. तू महिनाभर आलीस तर तेवढ्यात आईसाठी बाई शोधीन. तिसऱ्यांदा विचारते आहे. येशील का?

लोभ ठेव.
ताई

ता. २४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाषेवर मार्गदर्शक बाई बेहद्द खूश. पंधरावा प्रश्न तेवढा काढला, त्यातून उत्तर सुचतं म्हणाल्या. तुझी उत्तरं त्यांनी दोनदा वाचली, पण नात्यातल्यांची उत्तरं नियमात बसत नाहीत. महिनाभर येणं आत्ता कठीण, पुढच्या वर्षी नक्की बघू. ऋणनिर्देशात पहिली तूच.

रागावू नकोस, लोभ असू दे.
तुझी धाकटी

ता. २ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

नोकरी काल दुसऱ्याच कुणाला तरी मिळाली. ऋणनिर्देशातून मला काढ, नात्यातल्यांचं नियमात बसत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुला विचारण्याआधी मी आईच्या शिरस्त्याप्रमाणे तुझं उत्तर लिहून, घडी घालून तिच्या उशीखाली ठेवलं होतं. तुझं पत्र आल्यावर ताडून पाहिलं. 'पुढच्या वर्षी' हे शब्दसुद्धा जुळले. पैकीच्या पैकी गुण. जन्मात एकदा तरी माझं उत्तर चुकावं, असं फार वाटत होतं गं.

ताई