आखाजीच्या गाण्याचे तीन फ्लेक्स

२ मे
आखाजी, लेकींनी माहेरी जायची अक्षय्य तृतीया, कधीच झाली. नूतन अजून धुळ्याला, माहेरीच. काळजीचं कारण नाही. तिला चेंज हवा होता. निघताना रडत होती, तो उन्हाचा त्रास असावा. आखाजीनंतर नवऱ्याने घ्यायला जायची रीत आहे. जाईन. पण रिकाम्या हाताने नाही.

४ मे, दुपार
मोबाईलवर एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच व्यंगचित्रं सापडली. खाली लोकांच्या तोंडच्या गाण्याची ओळ, वर तिची टर उडवणारं चित्र. गाण्यात प्रियकर वाट बघतोय, चित्रात त्याला शिंका येतायत. दुकानात एकटाच हसलो. हे तर माझंच काम! जळगावात वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्याइतके फास्ट कोणी करत नाही.
ठरलं. नूतन झोक्यावर म्हणते त्या गाण्याची तीन कडवी, तीन फ्लेक्स. बघून हसेल. हसली की येईल.

७ मे
पहिलं कडवं, लेक माहेरी निघते. झालं.
दुसऱ्यात नवरा दारात झुरतो. मी विनोदासाठी त्याला मोबाईलमध्ये डोकं घालून बसवलं, बायको बॅग घेऊन समोर उभी. नवऱ्याचा चेहरा मनानेच काढला. मशीनवरचा समाधान म्हणाला, भाऊ, सेम तुम्ही. त्याला कलेतलं काय कळतं.
नूतनचा मिस्ड कॉल. कामात होतो. उद्या करू.

९ मे
फोन राहिला. आता थेट सरप्राईजच.
तिसऱ्या कडव्यात नवरा बैलगाडी जुंपून तिला घ्यायला जातो. फारच गोड. बदललं. माझ्या चित्रात बायकोच एसटीने परत येते, नवरा दारात हार घेऊन उभा. फ्रेंच मंडळी असंच उलटं करतात.
पार्सल धुळ्याला रवाना.

१३ मे
मेहुण्याचा, प्रेमराजचा फोन. फ्लेक्स बघून गल्ली हसली म्हणे. नूतन दुसऱ्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. म्हणजे आवडलं! मागून सासूबाईंचा आवाज आला, जवाईले सांग, गानामा तो लेवाले येस, पोर वाट दखी राह्यनी.
घ्यायला येतो, या आठवड्यात नक्की, म्हटलं. लग्नसराई आहे, ऑर्डरी पडल्यात.

२० मे, सकाळ
एकट्यापुरता चहा मला अजून जमत नाही. दोन कप होतो. दुसरा मोरीत ओतताना रडू आलं. बराच वेळ रडलो. ऊन वाढलंय.
उद्या धुळे. परतीचं रिझर्व्हेशनही केलं. माझं फुल, तिचं बायकांचं हाफ.

२१ मे, संध्याकाळ, एसटीत
अंगणातल्या निंबाचा झोका उतरवलेला होता. नूतनने पाणी दिलं. म्हणाली, झोका होता तोवर बॅग भरून ठेवली होती. परवा कपडे काढून कपाटात लावले. गाण्याची टर उडवली असती तर मीच आधी हसले असते, तुम्ही माझ्या वाट बघण्याची उडवलीत.
मी म्हटलं, ते फ्रेंच आहे.
ती हसली नाही. फ्लेक्स नीट गुंडाळून, सुतळीने बांधून माझ्या हातात दिले.
शेजारच्या सीटवर गुंडाळी ठेवलीय. कंडक्टरने विचारलं, हाफवाल्या बाई कुठंयत? म्हटलं, पुढच्या स्टॉपला चढतील.
पारोळा गेलं. एरंडोलही गेलं. त्याने पुन्हा विचारलं नाही.