ठोकळ्यांच्या फुलाला पाणी

विहीणबाईंस, माझा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेला म्हणाला होतात की जिना उतरताना वाजतो. माझे दोन्ही वाजतात, पण मी लक्ष देत नाही, त्यामुळे त्यांनाही चेव येत नाही. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? व्याह्यांना नमस्कार सांगा. (ते पेपरामागे असतील. पेपराला सांगितलंत तरी पोचेल.) इकडे सगळं ठीक आहे. तुमचे जावई ठीक, म्हणजे सोफ्यावर. मी ठीक, म्हणजे बोलती आहे. माझं अक्षर लागलं नाही तर व्याह्यांकडून वाचून घ्या, तेवढंच त्यांना काम.

पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही आणि मीही देत नाही. दोघी एकदम बोलतो आणि ऐकायला कोणी उरत नाही. कागद कसा, मुकाट्याने ऐकावा लागतो. तर मागच्या आठवड्यात तुम्ही लेकीला फोन केलात. उभा जन्म मी खरी फुलं विकून तुला वाढवलं, आणि तू या वयात प्लास्टिकचे ठोकळे जोडून फुलं करत बसतेस, दुकानात येणाऱ्यांना मी काय तोंड दाखवू, असं म्हणालात. (मी कान लावून ऐकलं असं समजू नका. फोन तिच्या कानाला होता, पण तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊन बोलल्यासारखं ऐकू आलं.) ती एवढंच म्हणाली, "बरं, आई." मग स्टूल घेतलं, ठोकळ्यांचा डबा कपाटावर चढवला आणि रविवारी ठोकळे जोडायला जमणाऱ्या मंडळींना कळवून टाकलं की वाचनालयात फुलं मांडायचा शब्द दिलाय तेवढा पाळीन, त्यानंतर माझी खुर्ची रिकामी समजा. रडली असती, भांडी आपटली असती, तर मी समजून घेतलं असतं. तिने घासलेली भांडी पुन्हा घासली. विहीणबाई, मला तो डबा कपाटावरून खाली आलेला बघायचाय. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आता चष्मा लावून पुढचं वाचा.

मी पहिल्यापासून या खेळाच्या बाजूची होते असं मात्र मुळीच नाही. दर रविवारी दुपारी चार मोठी माणसं माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून नखाएवढे तुकडे एकमेकांत टक्‌ टक्‌ बसवतात, हे पाहून मी पहिल्या दिवशी विचारलं होतं की यांची पोरं कुठेत, आणि ही पोरांची खेळणी चोरून आणलीत का. कोणी हसलं नाही. इतकी गुंगली होती. मग मी बघत बसले, कारण टीव्ही त्याच खोलीत आहे आणि त्यांनी तो बंद करायला लावला होता. आणि खरं सांगते, टीव्हीपेक्षा बरं निघालं.

एक आहे दातांची डॉक्टरीण. तिला मी दातवाली म्हणते, तीही ओ देते. ती आधी सगळे तुकडे रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे छोट्या छोट्या वाट्यांत लावते, शेजारी चिमटा ठेवते आणि सोबत आलेल्या चित्रांच्या पुस्तिकेत पानामागून पान बघत जाते. आधी देठ, मग पानं, मग कळी. पुस्तिकेत नाही ते जगात नाही. मागे कुठे एक तुकडा उलटा बसलाय असं शेवटी दिसलं, तर पूर्ण झालेलं फूल मुळापासून उपटून पुन्हा पहिल्या पानावर जाते. मी म्हटलं, बाई, लोकांचे दातही अशीच उपटतेस का? म्हणाली, "आजी, इथे उपटते म्हणून तिथे चुकत नाही." मी हार मानली आणि विणकाम उचललं. (असं क्वचित होतं. तुम्हाला विश्वास बसणार नाही.)

दुसरा बसचा ड्रायव्हर. हा अंगाने आडवा, बोटं केळ्यांएवढी. त्याला ढीग लागतो. सगळं टेबलावर ओततो, चाळवतो, हाताला येईल ते जोडतो, पाकळ्या आधी करतो आणि देठ राहिलाच तर करतो. पुस्तिका त्याने चहाच्या कपाखाली घातली आहे. आठवडाभर एकाच रस्त्याने जातो नि त्याच रस्त्याने येतो, रविवारी तरी मला पुढचा थांबा कोणी सांगू नका, असं त्याचं म्हणणं. त्याचं सूर्यफूल एकदा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं झालं. पण इतका खूश होता, की मला त्या गड्ड्याचं कौतुक करावं लागलं. आणि बघता बघता आवडलाही.

तिसरे गणिताचे मास्तर, रिटायर झालेले. हे मधल्या गाभ्यापासून सुरू करून बाहेर बाहेर येतात. फूल पुरं झालं की टेबलाभोवती एक चक्कर मारतात, चारी बाजूंनी बघतात, "हं" म्हणतात आणि लगेच मोडून पिशवीत भरतात. घरी त्यांच्या एकही फूल नाही. दातवाली स्वतःची फुलं काचेत ठेवते, तिला हे बघवत नाही. ती म्हणते, मास्तर, हा खून आहे. मास्तर म्हणतात, "उत्तर आलं की फळा पुसायचा." देठ आधी, पाकळ्या आधी की गाभा आधी, यावरून एक अख्खा रविवार या तिघांनी एकमेकांशी अबोला धरला होता. चहा मात्र माझ्याकडून सगळ्यांनी घेतला.

आणि चौथी तुमची लेक. दिवसभर वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खाते, तरी रविवारी तोंड हसरं. ती निम्म्यापर्यंत दातवालीसारखी पुस्तिकेप्रमाणे जाते. मग थांबते. पुस्तिका मिटते. एक पाकळी खाली वळवते, दुसरी जरा सैल करते, देठाची मान थोडी झुकवते आणि एक पाकळी काढून फुलदाणीच्या बुडाशी टाकून देते. मला वाटलं, मोडलं बिचारीचं. दातवालीही म्हणाली, ताई, हे चित्रात नाही. तर म्हणते, "चित्रात पहिल्या दिवसाचं फूल आहे. हे तिसऱ्या दिवसाचं." विहीणबाई, मी कोणाचं कौतुक करत नाही, तुम्हाला माहीत आहे, लग्नात तुमच्या मांडवाचंही केलं नव्हतं. पण त्या दिवशी मी विणकाम खाली ठेवलं. हे शिकलीस कुठे, असं मी विचारलं. तुमच्या दुकानात, म्हणाली. शाळा सुटली की ती बादल्यांच्या मागे बसायची, तुम्ही ताजी फुलं पुढे लावायचात आणि माना टाकलेली मागे तिच्याकडे फेकायचात, घे, खेळ. गुलाबाची मान आधी जाते आणि पाकळ्या मागून, लिलीला कडेपासून तपकिरी चढतं, झेंडू शेवटपर्यंत ताठ राहतो आणि मग एकदम बसतो, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. दुकानाची पुढची बाजू तुम्ही सांभाळलीत. मागची बाजू ती अजून सांभाळतेय. तुमच्या फुलांचा अपमान कुठे दिसला तुम्हाला यात?

आता वाचनालयाची हकिगत. तिथे रस्त्याच्या बाजूला मोठी काचेची खिडकी आहे, आत नवी पुस्तकं मांडतात. या वेळी पुस्तकांच्या पुढे यांची फुलं मांडायची ठरली. मंडळ पहिल्यांदाच लोकांसमोर जाणार आणि तुमच्या लेकीचं हे शेवटचं, म्हणून सगळे जरा हळवे झाले होते. आदल्या दिवशी चौघांनी आपापला माल माझ्या टेबलावर मांडला, दातवालीच्या वाट्या, ड्रायव्हरचा ढीग, मास्तरांची पिशवी, तुमच्या लेकीचा ट्रे, आणि खिडकीचं माप घ्यायला गेले. मागे मी आणि तुमचे जावई. जावयांना भूक लागली. (सोफ्यावर बसूनही लागते, काय करणार.) मला ताटं मांडायला जागा नाही. मी मोठं पातेलं घेतलं, टेबलाच्या कडेला धरलं आणि कोपरापासून हात फिरवून सगळं आत ओढलं. वाट्या धुवून ठेवल्या. टेबल पुसलं. इतकं लख्ख झालं की मलाच माझं कौतुक वाटलं.

परत आले तेव्हा आम्ही जेवत होतो. दातवालीच्या तोंडून तिचे पेशंट काढतात तसा आवाज आला. ड्रायव्हर आधी हसला, मग त्याला मास्तरांचा चेहरा दिसला. मास्तर पातेल्यात बघत खाली बसले. मी म्हटलं, हरवलं तर काही नाही ना, सगळं इथेच आहे. तुमची लेक म्हणाली, "आई, तुमचं जेवण झालं ना? मग जरा सरका." बस, एवढंच. मी तिच्या जागी असते तर मी मला घराबाहेर काढलं असतं.

पुढे जे पाहिलं ते मी आजवर पाहिलं नव्हतं. मला सगळे तुकडे सारखेच दिसत होते, पण प्रत्येकाला आपला तुकडा ओळखता येत होता. दातवालीचे चकचकीत, कारण ती ते ब्रशने घासते. (दाताच्याच. दुसरा कुठला असणार.) मास्तरांचे सैल, कारण ते जन्मभर जोडले आणि मोडले गेलेले. मास्तर दोन तुकडे कानाजवळ धरून जोडायचे आणि म्हणायचे, हा माझा नाही, हा फार जोरात वाजतो. ड्रायव्हर म्हणाला, उरतील ते माझे. अशी निवडानिवड चालली असताना तुमच्या लेकीचा हात मास्तरांच्या ढिगापाशी थांबला. मास्तर, तुमचे सैल तुकडे मला देता का, म्हणाली. घट्ट तुकडा वाकवला तरी ताठच दिसतो, सैल आपोआप मान टाकतो. ज्या माणसाने आजवर एक ठोकळा कोणाला उसना दिला नव्हता, त्याने पिशवी तिच्यापुढे ओतली. मग दातवालीने देठासाठी आपले सगळ्यात घट्ट तुकडे वाटीतून काढून दिले, पुस्तिकेत नसताना. ड्रायव्हरने गाभ्यासाठी ढिगातून असा एक मातकट रंगाचा तुकडा शोधून दिला, की तो फुलाचा नव्हताच, कुठल्यातरी खेळण्यातल्या गाडीचं चाक होतं. आणि त्यातून जो गुलाब झाला ना, विहीणबाई, त्याच्याकडे बघून मला तहान लागली. माझं पातेलं नसतं तर तो झाला नसता. (आभार कोणी मानले नाहीत. मी वाट बघून सोडून दिली.)

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी सजली. दुपारी वाचनालयातून फोन आला, ताबडतोब या. आम्ही सगळे धावलो, मीही. झालं असं होतं की तिथली झाडलोट करणाऱ्या बाईने तो गुलाब पाहिला, आतल्या साहेबांना चांगलं फैलावर घेतलं की फुलं आणून ठेवता आणि पाण्याचं बघत नाही, आणि तांब्या भरून फुलदाणीत ओतला. फुलदाणीला बुडाशी भोक. पाणी सगळं पुस्तकांत. साहेब पुस्तकं पंख्याखाली उघडी धरून उभे, ती बाई त्यांच्यावरच चिडलेली, आणि तुमची लेक मधोमध, फुलाकडे बघत. दातवाली म्हणाली, इतकी वर्षं झाली, माझ्या फुलाला कोणी पाणी घातलं नाही. हे कौतुक होतं की दुखणं, मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. ड्रायव्हर म्हणाला, माझं सूर्यफूल कोणी शिजवायला नेऊ नये म्हणजे मिळवली. मास्तर हात पाठीमागे घट्ट धरून उभे होते, नाहीतर त्यांनी तिथेच मोडलं असतं.

तुम्ही जन्मभर ताजी फुलं विकलीत. माना टाकलेल्या फुलाला कोणी परकी बाई येऊन पाणी घालताना पाहिलीत का कधी? रोज फडकं मारणाऱ्या बाईची नजर साधी नसते, तिला खरं-खोटं लगेच कळतं. ती फसली. घरी आल्यावर मला वाटलं आता स्टूल घेऊन डबा कायमचा खाली काढेल. तिने तो काढला, भिजलेल्या खिडकीतून परत आणलेली फुलंसुद्धा त्यात भरली, पुन्हा कपाटावर ठेवला आणि म्हणाली, झालं एकदाचं. ते "झालं" तुमचं आहे, विहीणबाई, तिचं नाही. तुम्हीच परत न्या.

उत्तराची घाई नाही, रविवारच्या आत आलं तरी चालेल. व्याह्यांना, म्हणजे पेपराला, पुन्हा नमस्कार.

तुमची,
मुलाकडची विहीण

ता. क. सोबतच्या पुडक्यात एक लहान फूल आहे, सुट्या तुकड्यांत. टपालात मोडलं नाही, मी मुद्दाम सुटं पाठवलंय. पुस्तिकाही घातली आहे. बघायची की कपाखाली घालायची ते तुमचं तुम्ही ठरवा. वाट्या लावता, ढीग करता की करून मोडता, ते मला कळवा. माझा अंदाज मी सांगणार नाही.

आणखी ता. क. माझं सुनेवर फार प्रेम आहे असं नातेवाइकांत सांगत सुटू नका. डबा वर गेल्यापासून ती म्हणते, आई, आता माझा रविवार मोकळा आहे, मी तुम्हाला चालायला नेईन आणि तुमच्या साखरेकडेही बघीन. माझा बिस्किटांचा डबा तिला सापडला आहे. तेव्हा मी हे सगळं का लिहिलं ते समजून घ्या.

शेवटचा ता. क. एक तुकडा कमी भरेल. शोधत बसू नका, तो मी काढून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय. कुठला आहे आणि कुठे बसतो हे मला माहीत नाही, तुमच्या लेकीला माहीत आहे. तिला फोन करून तेवढंच विचारा. दुसरं काही बोलायची गरज नाही.