ओवाळणीतली सरपंचकी

दि. १२ फेब्रुवारी २०२३

प्रिय हर्षल,
ताईचा आशीर्वाद.

आमी सगळे बरे आहो. तुहे भाऊजी हरभऱ्याच्या सोंगणीत आहेत. कोथिंबिरीले भाव नाई, मेथी तेवढी केनवडच्या बाजारात बरी चालली. धनजहून आईचा फोन आलता. तू पाठवलेलं गुडघ्याचं तेल पोचलं म्हणे, पण वास तिले आवडला नाई.

पत्र पाहून तुले नवल वाटन. फोनवर हा विषय काढला का तू हसतो, अन् मंग मीही हसते, अन् विषय राहून जाते. म्हणून लिवते.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झाली नाई. लखीराम शिपायानं गावभर दवंडी देली. झेंड्याले लोक आले, पोट्ट्यायनं लाडू खाल्ले, अन् सभेच्या वक्ती सतरंजीवर मी, ग्रामसेवक अन् दोन म्हातारे. कोरम नाई म्हणून तहकूब. मांगच्या सालापर्यंत नालीवरून भांडणं होऊन माईक हिसकत होते हेच लोक. मी एकदोघायले इचारलं, काहून आले नाई? तं म्हणतात, हात वर करून काय होते बाई, आता सगळं मशीनमधूनच ठरते.

शेजारच्या गोमतीबाईचं तं वेगळंच. तिचे निराधारचे पैसे घेऊन बँकेचा माणूस येते, मशीनवर अंगठा लावा लागते. ती अंगठा पदरात लपवते. "हर्षल पुण्यात बसून पाह्यते म्हणतात," मले म्हणे. दोन महिन्यांचे पैसे अडकले तिचे. मी भाकर धाडते, ते घेते. पण अंगठा काई देत नाई.

तुले दोष देऊन नाई राह्यली. पण झालं कसं, ते एका जागी मांडून पाह्यते.

भाऊबीजेले तू आलता. मारुतीच्या पारावर भजन चालू होतं, मंडळाचा नवा स्पीकर होता. तू लांब ओट्यावर बसून मोबाईलवरून तो ताब्यात घेतला अन् गवळणीच्या मधातच लग्नाचा बँड लावला. पुंजाजीकाका सगळ्यात जास्त हसले. मंग तू पोट्ट्यायले सांगतलं, कंपनीचा पासवर्ड तसाच ठेवू नका रे. गोष्ट चांगली होती. पासवर्डचं कोणाच्या ध्यानात राह्यलं नाई, स्पीकरचं राह्यलं.

डिसेंबरात मी सरपंचकीले पुंजाजीकाकाच्या विरोधात उभी राह्यली. मतदानाच्या दिवशी तू मदतीले आला, अन् शाळेच्या गेटासमोर लिंबाखाली लॅपटॉप उघडून बसला. तुह्या पुण्याच्या कंपनीचं काम होतं, मले ठाऊक आहे. पण सगळं गाव त्याच गेटातून मत टाकाले गेलं. अन् निवडून आली मी, थोड्याशा मतांनी.

पुंजाजीकाकाची माणसं ओरडली असती तं मी सोसलं असतं. ते ओरडले, तहसीलात जाऊन आले, अन् थंड झाले. त्रास आपल्याच माणसायचा आहे. गुलाल उधळताना आपल्या प्रचारातला मुन्ना म्हणे, भाऊ असावा तं असा, भाऊबीजेच्या ओवाळणीत सरपंचकी देली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मंजू म्हणे, तुहं बरं आहे बाई, माह्या भावानं नुसती साडी देली. साऱ्या बाया हसल्या. कोणाले राग नाई, कोणाले लाज नाई. चोरी झाली असंच सगळे धरून चालले, अन् वरून कौतुक करून राह्यले.

मी सांगते त्यायले. मताच्या मशीनले नेट नसते, ब्लूटूथ नसते, सील लागते, दोन्हीकडच्या माणसायच्या सह्या असतात. तूच सांगतलं होतं ना. लोक आयकतात, चहा पितात, अन् जाताना डोळा मारतात. विधानसभेले मत कोणाले गेलं त्याची चिठ्ठी तरी काचेत दिसे. आपल्या ग्रामपंचायतीच्या मशीनले तेही नव्हतं. मी दाखवू तं काय?

महाशिवरात्रीच्या आधी नाला साफ कराले पुंजाजीकाका दरसाल गाव गोळा करतात. यंदा घरातच आहेत म्हणून मी गेली बोलवाले. चांगलं बोलले, त्यायच्या हौसाबाईनं चहा ठेवला. मंग म्हणे, "पोरी, हरलो त्याचं दुःख नाई, याच्या आधीही हरलो. पण यावक्ती हरलो का नाई, हेच मले समजून नाई राह्यलं. तुहा भाऊ होता, माहा नव्हता." मी चहा पेली अन् घरी आली.

आता ज्यासाठी पत्र लिवाले बसली ते. मुन्नानं गावच्या ग्रुपवर 'हर्षलभाऊची कृपा' असं टाकलं, तव्हा तू खाली हसरं तोंड अन् हात जोडलेले टाकले. गंमत केली असशील. तू काई केलं नाई, हे मले माहीत आहे. हे वाक्य मी दोनदा लिवून खोडलं, आता राहू देते.

मी घरोघरी फिरली होती, हर्षल. वच्छलानं माहा हात धरून शब्द देल्ला होता. कोण कोण मत देणार, मले तोंडपाठ होतं. आता त्याच बाया रस्त्यात भेटल्या का मनात येते, यायनं खरंच देलं का मले? मी जिंकली असं मले एकटीलेही वाटत नाई. लय वाईट वाटते.

तू इथी येऊ नको. तू नाई म्हटलं तं लोक म्हणतीन, चोर कव्हा हो म्हणते काय. गावाले काई सांगू नको.

मलेच सांग. फोनवर नाई, हसून नाई, कागदावर लिव. ताई, तू निवडून आली. नाई तं, नाई आली. जे असन ते.

तुही ताई,
साधना
(याच्याखाली सरपंच लिवाची सवय लागली होती. यावक्ती लिवलं नाई.)