खिडकीकडचा कान

३ मार्च, सोमवार

गाडीचा आवाज बसलाय! शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हिसिंगहून आली. शनिवारी वाटलं, इंजिन थंड असेल. काल वाटलं, भास असेल. आज खात्रीच झाली. सुरू केल्यावर जो हुंकार यायचा, तो निम्माच येतो. दवाखान्याच्या वाटेवरच्या भुयारी रस्त्यात नेहमीप्रमाणे काच खाली केली, पाय दाबला — काही नाही. एखाद्या पापभीरू कुटुंबाची मोटार जावी तशी गेली.

आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जेवताना बायकोला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. पुढेही काहीतरी म्हणाली, पण ते तिच्या नेहमीच्या आवाजात. ग्रंथपाल आहे ती. तीस वर्षं वाचनालयात हळू बोलून बोलून घरीही तसंच बोलते.

६ मार्च, गुरुवार

लोकांना वाटतं, असली शर्यतीच्या जातीची गाडी रविवारी बाहेर काढायची, फडकं मारायचं आणि परत झाकून ठेवायची. मी रोज वापरतो. ऊन असो, चिखल असो, भाजी असो. ताशी तीनशेच्या वर जाऊ शकते म्हणे. घर ते दवाखाना सरासरी बावीस पडते. गतिरोधक आला की तिरकी घालायची — आधी एक चाक, मग दुसरं, आणि तोवर श्वास रोखून धरायचा. मागचे लोक हॉर्न वाजवतात. त्यांच्याकडे कानाडोळा. इंजिन मागे, म्हणून सामान पुढे. पुढे दोन कोबी आणि एक फ्लॉवर मावतो. तिसरा कोबी घेतला तर तो बायकोच्या मांडीवर.

सासूबाई या गाडीत एकदाच बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच. बाहेर काढायला मी, बायको आणि पहारेकरी असे तिघं लागलो. "जावईबापू, यापुढे मी आपली चालत येईन," म्हणाल्या. त्यांचे गुडघे पाहता ही साधीसुधी धमकी नव्हे.

बायको गाडीला सवत म्हणते. पाहुण्यांदेखत म्हणते.

पण मी ही घेतली ती आवाजासाठी. मागच्या धुराच्या नळकांड्यात एक झडप आहे. जोरात पाय दिला की ती उघडते, आणि मग जो आवाज येतो त्याच्यासाठी मी उरलेलं आयुष्य दोन कोबींवर काढायला तयार आहे. काच बंद ठेवून तो ऐकणं म्हणजे कागदासकट चॉकलेट खाणं. म्हणून काच खाली. रोज, जाताना आणि येताना.

१२ मार्च, बुधवार

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात गेलो होतो. कामगारांचे कान तपासायचे आणि मग त्यांच्यापुढे बोलायचं — दरवर्षीचंच काम. नेहमीचं भाषण ठोकलं. कानात बोळे घातल्याशिवाय यंत्राशेजारी उभं राहायचं नाही. आवाजाची सवय होत नसते, कान मरत असतो. आणि मेलेला परत येत नाही.

एक जाडजूड मिशीवाला उठून म्हणाला, "पण डॉक्टर, मशीन बरोबर चाललंय का ते आवाजावरनंच कळतं. बोळे घालून कसं कळणार? आणि खरं सांगू, तो आवाज आवडतोच आपल्याला." त्याला चांगलंच फैलावर घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

येताना महामार्ग मोकळा मिळाला. काच पूर्ण खाली. तरी मजा नाही!

१५ मार्च, शनिवार

आज चार जण आले. चौघेही आपापल्या बायकांनी ओढून आणलेले. चौघांचं म्हणणं एकच — "मला ऐकू येतं हो, घरचेच पुटपुटतात." शेवटचा गेल्यावर मी आणि माझ्या हाताखालची तपासनीस मुलगी पोट धरून हसलो. ही जमात संपायची नाही, आणि संपूही नये. आमचा दवाखाना तिच्यावर चालतो.

१६ मार्च, रविवार

बायको हल्ली फार पुटपुटते.

२० मार्च, गुरुवार

सुट्टी टाकून गाडी मिस्त्रींकडे नेली. आठ वर्षांत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी गाडीला हात लावलेला नाही. मोजकं बोलणारा, जाड आवाजाचा माणूस. गाडी वर उचलली, खाली शिरले, बाहेर आले, हात पुसायला लागले. "डॉक्टर, गाडी ठणठणीत आहे."

म्हटलं, आवाज निम्मा झालाय. ते हात पुसतच राहिले. इतके कुणी हात पुसत नाही. मग म्हणाले, "एकदा कान तपासून घ्या."

मला! पंचवीस वर्षं हाच धंदा करणाऱ्या माणसाला! मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. विनोद करून स्वतः न हसणारे असतात काही.

२५ मार्च, मंगळवार

साक्षीदार मिळाला! खालच्या मजल्यावरचे काका. वय ब्याऐंशी. आठ वर्षं रोज सकाळी पावणेनऊला मी गाडी सुरू करतो आणि ते गॅलरीत येऊन घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग आत जाऊन धाडकन दार लावतात. आज जिन्यात चक्क हसले. "हल्ली लवकर जाता वाटतं? आवाजच येत नाही."

मी वेळ बदललेली नाही! तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. म्हटलं, खालच्या काकांनाही आवाज येत नाही.

"काका किती वर्षांचे?"

"ब्याऐंशी."

"हं," म्हणाले मिस्त्री.

३१ मार्च, सोमवार

बायको आज निवृत्त झाली. वाचनालयाच्या मोठ्या दालनात निरोप समारंभ. मी तिसऱ्या रांगेत. तिच्या वरिष्ठांनी माईक पुढे केला, तिनं हातानंच नको म्हटलं. त्यावर सगळे हसले. पर्समधून कागद काढला आणि दहा मिनिटं बोलली. मधे एकदा लोक हसले, मीही हसलो. मग एकदा सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या.

गाडीत बसल्यावर म्हटलं, छान बोललीस.

"काय आवडलं?"

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. म्हटलं, सगळंच. तिनं मान वळवली ती घर येईपर्यंत. हार, शाल आणि एक मोठं कुंडीतलं रोप मांडीवर घेऊन बसली होती. माझी काच खाली होती, त्यामुळे विषय वाढला नाही.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकतो. मला त्यातला एक शब्द कळला नाही. माईक घ्यायला हवा होता तिनं.

४ एप्रिल, शुक्रवार

साक्षीदार पक्का आहे की नाही ते बघायला काकांना दवाखान्यात आणलं. फुकट म्हटल्यावर आले. आमच्याच गाडीतून आणलं, पण त्यांचं बसणं-उठणं इथे लिहिणार नाही. म्हाताऱ्या माणसाची अब्रू आहे.

तपासणी म्हणजे साधी गोष्ट. आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. खालच्या जाड पट्टीपासून वरच्या बारीक पट्टीपर्यंत. आणि काका पठ्ठे! वरच्या पट्टीतही दाबतायत! आलेख साठीतल्या माणसाचा. तपासनीस मुलगी म्हणाली, "सर, यांना तर पाल चुकचुकलेलीही ऐकू येईल."

मला पटेना. यंत्राला जोडलेला दुसरा हेडफोन मी कानाला लावला. काका बटण दाबतायत आणि माझ्या हेडफोनात सगळं शांत. यंत्र बिघडलं, दुसरं काय! तरीच गेले काही महिने रोज सकाळी यंत्र ऐकून बघताना वरच्या पट्ट्या मंद वाटतायत. सोमवारी दुरुस्तीवाल्याला बोलावलंय.

७ एप्रिल, सोमवार

दुरुस्तीवाला आला, मोजमाप घेतलं, गेला. यंत्र केसभरही चुकत नाही म्हणे.

म्हणजे गाडी ठणठणीत. यंत्र ठणठणीत. ब्याऐंशी वर्षांचे काका ठणठणीत. सगळं जग ठणठणीत आहे!

मुलगी फायली लावत होती. वर न बघता म्हणाली, "सर, एकदा तुम्ही बसा ना आत." मी म्हटलं, रोगी खोळंबलेत.

कुणीच खोळंबलं नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार

बायको म्हणाली, "अहो, तपासून घ्या ना." हे ती पहिल्यांदाच म्हणाली असं नाही. कितव्यांदा ते माहीत नाही. आजवर दर वेळी मी विषय बदललाय. आज बदलायला विषयच सुचला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

बसलो आत. पंचवीस वर्षं काचेबाहेरून पाहिलेली खोली आतून फार लहान आहे. दार बंद झालं की स्वतःचा श्वास ऐकू येतो.

सुरुवातीचे सूर आले. दाबलं, दाबलं, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. काचेपलीकडे मुलीचा हात मात्र हलताना दिसत होता. म्हणजे ती सूर देत होती! मग मी काय केलं? तिचा खांदा हलला की बटण दाबायला लागलो. ही लबाडी मी शेकडो म्हाताऱ्यांची पकडलीय. तिनं दोन मिनिटं चालू दिली, मग मुकाट्यानं खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ केली. मीच शिकवलंय तिला ते.

आलेख समोर आहे. खालच्या पट्ट्या शाबूत, वर गेलं की घसरगुंडी. स, श, च, त असले बारीक उच्चार तिथे असतात. बायकांच्या, मुलांच्या बोलण्यातले तर आधी जातात. आवाज येतो, शब्द येत नाहीत — हे वाक्य मी दिवसातून चारदा लोकांना ऐकवतो. आणि दोन कान सारखे नाहीत. खिडकीकडचा जास्त गेलाय. थोडं वयाचं म्हणता येईल, पण वय काही एकाच बाजूनं येत नाही.

आवाज मोजायचं यंत्र माझ्याच टेबलाच्या खणात पडून असतं. आठ वर्षांत गाडीचा आवाज एकदाही मोजला नाही. मोजला असता तर काच बंद करावी लागली असती, हे मला माहीत होतं. त्या मिशीवाल्याला मी काय काय बोललो!

तोंड धुवायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. भीती वाटली. खरीखुरी.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी मिस्त्रींना फोन करून माफी मागितली. म्हटलं, तुमचंच खरं, गाडीचा दोष नव्हता. त्यांनी फोनच ठेवून दिला. एरवी मिस्त्री मोजकं बोलतात, पण बोलतात.

मग आलेख पुन्हा बघत बसलो. आणि काही केल्या जुळेना. गाडीचा आवाज जाड. खालच्या पट्टीतला. माझ्या खालच्या पट्ट्या विशीतल्या माणसाच्या आहेत! काहीही गेलं असलं तरी गाडी मला पूर्वीइतकीच ऐकू यायला हवी. शिवाय काका. त्यांना पाल ऐकू येते आणि गाडी ऐकू येत नाही?

१४ एप्रिल, सोमवार

मिस्त्रींपुढे आलेख ठेवला आणि शिकवणी घेतल्यासारखं समजावून सांगितलं. त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं. हात स्वच्छ होते. फडकं खाली ठेवलं.

"झडप बंद करून टाकलीय मी," म्हणाले. "गाडी सर्व्हिसिंगला होती तेव्हा वहिनी आल्या होत्या. बसनं आल्या. म्हणाल्या, आवाज कमी करता येईल का? उरलेत तेवढे कान तरी राहू देत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, मी सांगून ऐकत नाहीत. गाडीनं सांगितलं तर ऐकतील." आणि मग, "मी खोटं बोललो नाही, डॉक्टर. गाडी ठणठणीतच आहे. झडप उघडून देऊ?"

नको म्हटलं. काच वर करून घरी आलो. वाटेत गतिरोधक लागले, ते सगळे तिरके घातले.

१५ एप्रिल, मंगळवार

निरोपाचा तो कागद अजून पर्समध्येच आहे का, विचारलं. आहे म्हणाली. मग विचारलं, माझं हे तुझ्या लक्षात कधी आलं? तिनं सांगितलं. मला कळलं नाही. समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघत पुन्हा सांगितलं — तीन वर्षं झाली.

गाडीचा आवाज बसल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं.